पॉईंट काढायचा दिवस

सकाळी ६.१५

वैशाखात अमरावतीत गाडीचं काम करायचं तर ऊन चढायच्या आत अर्धं उरकावं लागतं. अकरानंतर बोनेटखाली राहिलेला पाना उचलायला हाताशी फडकं घ्यावं लागतं. म्हणून जुन्या पेट्रोल गाड्यांना मी सकाळचीच वेळ देतो आणि गाडी आदल्या रात्री दुकानासमोर लावून जायला सांगतो. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, ते मला स्वतः ऐकायचं असतं. गिऱ्हाइकानं फोनवर केलेल्या वर्णनावर मी काम धरत नाही.

आज बडनेरा रोडवरच्या माझ्या शटरसमोर ॲम्बेसेडर उभी आहे. परतवाड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची. मोरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन, बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनलेलं. गुरुजी रात्री राजापेठेत लेकीकडे मुक्कामाला होते. मी कुलूप काढतोय तोवर हजर.

"लेका, हे इलेक्ट्रॉनिक बसवलं तं पॉईंटचा ताप कायमचा जाईन ना?"

"पॉईंटचा जाईन, गुरुजी. बाकी काय काय हाय ते आधी पाहू द्या."

चावी फिरवली. सेल्फ जोरात ओढतो, म्हणजे बॅटरी बरी. इंजिन मात्र बराच वेळ नुसतं फिरलं, मग एक ठोका दिला, थांबलं, आणि पुन्हा सेल्फ मारल्यावर खोकत चालू झालं. स्लोवर ठोके वेडेवाकडे. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की आधी दम कोंडतो आणि मग गाडी उचल खाते. गुरुजींची मुख्य तक्रार चिखलदऱ्याच्या घाटाची आहे: पूर्वी तिसऱ्यावर चढायची तिथं आता दुसरा टाकावा लागतो आणि वर पोचेपर्यंत टेंपरेचरचा काटा चढलेला असतो. ही तक्रार ऐकूनच माझा अर्धा अंदाज झाला होता.

६.४०

डिस्ट्रिब्यूटरच्या ढक्कनाच्या दोन्ही क्लिपा काढल्या, रोटर उपसला. खाली पॉईंट.

दुकानातल्या पोट्ट्याला मी हे दर गाडीला नव्यानं समजावतो, कारण त्याला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल बसवायला दोन दिवसांत आलं, पण पॉईंट काय करतो हे अजून नीट सांगता येत नाही. शाफ्टवर चार कोनांचा कॅम असतो. कोन आला की पॉईंट उघडतो, गेला की मिटतो. मिटलेला असताना बॅटरीचा करंट कॉईलच्या जाड गुंडाळीतून वाहतो. बारा व्होल्ट आणि तीन ओहमची कॉईल, म्हणजे चार अँपिअर. पॉईंट उघडला की हा प्रवाह एकदम तुटतो. शेतातली मोटर चालू असताना वॉल एकदम बंद केला की पाईप कसा दणका देतो? तसाच दणका कॉईलमधून निघतो, आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत तो पंधरा-वीस हजार व्होल्टांचा होऊन प्लगवर ठिणगी पाडतो. ठिणगी पॉईंट उघडताना पडते, मिटताना नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की टायमिंग आपोआप कळतं.

तुटणाऱ्या प्रवाहाचा थोडा दणका पॉईंटच्या तोंडावरही येतो. तो झेलायला कंडेन्सर असतो. तरी टंगस्टन जळतंच. गुरुजींच्या पॉईंटवर एका तोंडाला खड्डा पडलाय आणि समोरच्या तोंडावर टेकाड उभं राहिलंय. इकडचा धातू उडून तिकडे जाऊन बसला.

फिलर गेज घातला. या डिस्ट्रिब्यूटरला गॅप चौदा ते सोळा थाऊ हवा, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नऊची पट्टी कशीबशी गेली. कॅमवर घासणारी पॉईंटची फायबरची टाच झिजलीय. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉईंट उशिरा उघडतो, आणि ठिणगीही उशिरा पडते. घाटात जोर न लागणं, काटा चढणं, पेट्रोल जास्त पिणं, सगळं इथून सुरू होतं. आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉईंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो. परतवाडा ते अमरावती तासाभराचा रस्ता धरा. साडेतीन लाखांहून जास्त वेळा उघडमीट झाली. टाच झिजते याचं नवल नाही. ती इतकी टिकते याचं आहे.

७.१५

इथं बरेच जण थेट पाकीट फोडतात. जुना पॉईंट काढला, नवा डबा बसवला, गाडी चालू झाली, पैसे घेतले. पंधरा-वीस मिनिटांचं काम. महिन्याभरानं तीच गाडी तेच दुखणं घेऊन परत येते आणि नाव पडतं की इलेक्ट्रॉनिक काही चालत नाही.

मॉड्यूल फक्त पॉईंट आणि कंडेन्सर या दोघांची जागा घेतं. त्याच्या खालचा शाफ्ट, बुश, वजनं, स्प्रिंगा, शेजारची व्हॅक्यूमची डबी, वरचा रोटर आणि ढक्कन, सगळं जुनंच राहतं. यातलं बिघडलेलं असेल तर ते इलेक्ट्रॉनिकखाली झाकलं जातं, एवढंच.

पहिल्यांदा शाफ्ट. बोटात धरून आडवा हलवला. बुश ढिला असेल तर पॉईंटचा गॅप प्रत्येक कोनाला वेगळा भरतो. चारही कोन मोजले, फरक नगण्य. बुश चांगला आहे. तो गेलेला असता तर मी गुरुजींना आधी खराद्याकडे पाठवलं असतं.

मग ॲडव्हान्स. वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, कारण पेट्रोलच्या वाफेला जळायला लागणारा वेळ तेवढाच राहतो आणि पिस्टन मात्र घाईत असतो. ते काम प्लेटीखालची दोन वजनं करतात. फिरताना बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. तपासायला यंत्र लागत नाही. रोटर बोटानं त्याच्या फिरायच्या दिशेला दाबायचा, या इंजिनात तो घड्याळाच्या उलट फिरतो, आणि सोडायचा. टचकन परत यायला हवा. गुरुजींचा रोटर गेला, पण परत येताना सावकाश, वाटेत अडखळत आला.

"पाय, हे काय हाय?" मी पोट्ट्याला विचारलं.

"जाम झालं."

"मंग हे आधी का मॉड्यूल आधी?"

"हेच आधी, वस्ताद."

प्लेट उचलली. खाली ग्रीस वाळून मेणासारखं पिवळं झालंय आणि त्यात तांबडी धूळ कालवलीय. रॉकेलनं धुतलं, फुंकलं, वजनांच्या खिळ्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब दिला. दोन्ही स्प्रिंगा शाबूत. आता रोटर सोडला की उडी मारून जागेवर येतो. प्लेटीला बॉडीशी जोडणारी अर्थची बारीक विणलेली तारही अर्धी तुटली होती, ती नवी टाकली. व्हॅक्यूमच्या डबीचा पाईप तोंडात धरून ओढला, जीभ लावून धरला; पडदा धरून ठेवतो. ही परीक्षा पाहून गुरुजींनी तोंड वाकडं केलं, पण व्हॅक्यूम पंप घ्यायच्या आधीपासून मी हीच करतो आणि ती चुकत नाही.

८.३०

आलूबोंडा आणि चहा. गुरुजींनी हयातभर इतिहास शिकवला, त्यामुळे प्रश्न ठरलेला: हे पॉईंट शोधले कोणी?

या पद्धतीचं श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरला जातं. त्याची बॅटरी-कॉईलची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढे साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच कल्पनेवर चालल्या. मग क्रायस्लरनं १९७३ पासून अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांना सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली. आता गंमत बघा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली ती याच क्रायस्लरच्या मदतीनं. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, फियाटशी करार नंतर झाला. क्रायस्लरनं पॉईंट सोडले त्याच १९७३ मध्ये कुर्ल्याची फियाट प्रीमियर प्रेसिडेंट झाली, पुढच्या वर्षी पद्मिनी, आणि ती पुढेही पॉईंटवरच धावत राहिली. स्पर्धाच नव्हती, तर बदलायचं कोणासाठी? गुरुजी म्हणाले, हा लायसन्स राजचा धडा मुलांना पॉईंट दाखवून शिकवता आला असता.

मी मात्र पॉईंटला तेवढा दोष देत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. पद्मिनीच्या पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेला पॉईंट घासून चालल्या. काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं गॅप धरून, पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून, भर पावसात. ही सोय मॉड्यूलमध्ये नाही. पॉईंट कुरकुरत, आठवडाभर आधी निरोप देत मरतो. मॉड्यूल जातं ते एका क्षणात, आणि त्यावर कानस चालत नाही.

९.१०

इलेक्ट्रॉनिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. एक प्रकार असा की पॉईंट राहतो, पण त्याच्यातून अगदी थोडा करंट जातो आणि कॉईलचं ओझं ट्रान्झिस्टर उचलतो. पॉईंट जळत नाही, टाच मात्र झिजतेच. दुसऱ्यात पॉईंटच्या जागी प्रकाशाचा डोळा आणि त्याच्यासमोर फिरणारी खाचांची चकती. तिसरा मी बसवतो तो: कॅमवर लोहचुंबकांची रिंग, चार सिलिंडरला चार चुंबक, आणि पॉईंटच्या स्क्रूवरच बसणारं छोटं मॉड्यूल. चुंबक समोरून गेला की आतला सेन्सर ओळखतो. काही घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. चौथा प्रकार अख्खा डिस्ट्रिब्यूटरच बदलायचा.

बसवायच्या आधी बॅटरी बघायची. जुन्या इंग्रजी वंशाच्या गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं. गाडी वीस हातांतून गेलेली असते. कोणी कधी काय उलटं केलं ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. प्लस अर्थच्या गाडीला मायनस अर्थचं मॉड्यूल जोडलं तर पहिल्या चावीला त्याची राख. गुरुजींची गाडी मायनस अर्थ आहे. कॉईलवर एका टोकाला एसडब्ल्यू आणि दुसऱ्याला सीबी असं कोरलंय. पहिलं चावीकडचं, दुसरं पॉईंटकडचं. मॉड्यूलची लाल तार पहिल्यावर, काळी दुसऱ्यावर.

बॅलास्ट आहे का, तेही पाहिलं. काही गाड्यांत कॉईलच्या आधी वेगळा रेझिस्टन्स असतो आणि कॉईलला कमी व्होल्टेज मिळतं. लाल तार त्याच्या पुढे जोडली तर मॉड्यूल उपाशी राहतं आणि सेल्फ मारताना, बॅटरी नऊ-दहा व्होल्टांवर उतरते तेव्हा, ठिणगीच सोडत नाही. इथं बॅलास्ट नाही. कॉईल मोजली, तीन ओहमच्या आसपास. चालेल.

पोट्ट्यानं पॉईंट आणि कंडेन्सर काढले. मॉड्यूल त्याच भोकांवर बसवलं, रिंग कॅमवर दाबली, दोन्हींमध्ये फट ठेवली. रिंगमुळे रोटर थोडा उचलला जातो. ढक्कन लावून हातानं इंजिन एक फेरा फिरवलं, कुठं घासत नाही. तार बाहेर काढताना रबरी बूच नीट बसवायचं, नाहीतर बॉडीच्या धारेवर ती कापली जाते. प्लेट व्हॅक्यूमनं मागेपुढे सरकते, म्हणून आत तारेला थोडा ढील हवा. अशा बारीक गोष्टींना सकाळचा निम्मा वेळ जातो आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही.

मग वाद निघाला प्लगच्या वायरींवरून. गुरुजींनी नुकत्याच नव्या घातल्यात, पण तांब्याच्या तारेच्या. मॉड्यूलला रेझिस्टन्सवाल्या वायरी लागतात. तांब्यातून येणारा विजेचा गोंगाट सेन्सरला फसवू शकतो आणि रेडिओत तर घुसतोच.

"आत्ताच तं टाकल्या बावा. तांबं म्हणजे अस्सल. ते तुमचं कोळशाचं कायले पाहिजे?"

"चालन आत्ता, पण बदलाव्या लागतीन."

"पाहू मंग."

मी बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलं: वायर बदलणे आवश्यक, गिऱ्हाइकास सांगितले. खाली त्यांची सही घेतली. गुरुजी शाळेत कडक होते म्हणतात. सही मात्र हसत केली.

१०.१५

पॉईंटच्या गाडीचं टायमिंग बंद इंजिनावर टेस्ट लॅम्पनं लावता येतं: डिस्ट्रिब्यूटर फिरवत जायचं, दिवा लागला तिथं पॉईंट उघडला. चुंबकाच्या मॉड्यूलला ती युक्ती भरवशाची नाही. इंजिन चालू ठेवून टायमिंग लाईटच लागतो. शिवाय चावी चालू ठेवून इंजिन बंद असलेली गाडी बराच वेळ उभी करायची नाही. कॉईल तापते आणि मॉड्यूलही. हे मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो, कारण कॅसेट ऐकत चावी चालू ठेवायची सवय या गाड्यांच्या मालकांना हमखास असते.

पुलीवरची खूण गंजात गेलेली. तारेच्या ब्रशनं घासून पांढरा रंग भरला. व्हॅक्यूमचा पाईप काढून तोंड बंद केलं, एक नंबरच्या वायरीला लाईट लावला. प्रकाशात खूण जागेवर थांबलेली दिसते. पूर्वी पॉईंटवर ती थरथरत असे, आता खिळल्यासारखी. डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून खूण जागेवर आणली, ॲक्सिलरेटर दिला, खूण एका लयीत पुढे सरकली आणि सोडल्यावर परत आली. सकाळी साफ केलेली वजनं बोलतायत ही. वजनं जाम असती तर याच मॉड्यूलवर घाटात गाडी तशीच रडली असती.

बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. गुरुजी गप्प होते, मग म्हणाले, "बाईंना घेऊन चिखलदऱ्याले जातो आता." ॲव्हरेज किती वाढेल, हे त्यांनी विचारलं. मी आकडा देत नाही. नीट लावलेल्या पॉईंटपेक्षा फार वाढत नाही. झिजलेल्या पॉईंटपेक्षा वाढतं, पण ते नवा पॉईंट टाकूनही वाढलं असतं. फायदा असा की आज लावलेलं टायमिंग पुढच्या वर्षीही इथंच सापडेल. विक्रीला वाईट असलं तरी मी हेच सांगतो.

काढलेला पॉईंट फेकायचा होता. त्याऐवजी नवा पॉईंट, नवा कंडेन्सर, स्क्रू आणि फिलरची एक पट्टी डब्यात घालून डिकीत ठेवायला दिली. धारणीच्या रस्त्यावर मॉड्यूल गेलं तर तिथला कोणीही जुना मेकॅनिक अर्ध्या तासात गाडी पुन्हा पॉईंटवर आणून देईल. हा डबा न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मॉड्यूल विकत नाही. दुकानात यावरून लोक हसतात.

११.४०

अकोल्याकडे. हा राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षं हाच रस्ता हाडं खिळखिळी करायचा, आणि धक्क्यांनी तुटलेल्या अर्थच्या तारा माझं दुकान चालवायच्या. मूर्तिजापूरला ताक घेतलं. हवा भट्टीतली.

दुपारी १.४५

अकोला, जठारपेठ. डॉक्टरसाहेबांची पद्मिनी, १०८९ सीसी. वडिलांची आठवण म्हणून ठेवलीय आणि रविवारी हमखास चालवतात. तक्रार: उन्हात अर्धा तास चालली की बंद पडते, तासभर थांबली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. दोन जणांनी सांगितलं, करंट जातो, इलेक्ट्रॉनिक बसवा. डॉक्टरसाहेबांनी मॉड्यूल आधीच मागवून टेबलावर ठेवलंय.

तापल्यावर जाणारा करंट खरंच असतो. उन्हाळ्यात कंडेन्सर आणि कॉईल असा खेळ करतात, आणि अकोल्याचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण लक्षण एकच असलं तरी रोग दोन असू शकतात, हे मी डॉक्टरांना सांगायचं म्हणजे अवघडच. म्हणून सांगितलं नाही, गाडी काढली. गांधी रोडच्या गर्दीतून दोन चकरा मारल्या, गाडीनं इमानानं जीव टाकला.

बोनेट उघडून सरळ प्लगची वायर काढली, टेस्टर लावला, पोट्ट्याला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी निळी, कडक, आवाजाची. करंट ठणठणीत आहे. मग कार्बोरेटरकडे येणारा पाईप काढून सेल्फ मारला. पेट्रोल नाही, नुसते बुडबुडे.

पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनच्या अंगाला बसवलेला. इंजिन तापलं की पंप तापतो, पंपातलं पेट्रोल वाफ होतं, आणि पडदा वाफ दाबत बसतो. गाडी थांबली, थंड झाली, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं. त्यात पाईप कोणीतरी बदलताना सायलेन्सरच्या बाजूनं नेलाय. जुन्या मेकॅनिकांचा पंपावर ओल्या फडक्याचा उपाय यासाठीच. मी पंपावर बाटलीतलं पाणी ओतलं, फडकं गुंडाळलं, दोन मिनिटांत गाडी चालू झाली.

"म्हणजे हे टेबलावरचं कामाचं नाही?"

"कामाचं आहे, साहेब, पण या दुखण्याचं नाही. हे बसवलं असतं तर गाडी तितकीच बंद पडली असती, आणि तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या."

पाईप उष्णतेपासून लांब नेला, पंप आणि ब्लॉकच्या मधलं जाड इन्सुलेटर फुटलेलं होतं ते बदललं. रबरी नळ्या दाबून पाहिल्या; आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं आणि या नळ्या त्या काळाच्या नाहीत, त्याही बदलायला सांगितल्या. पॉईंट पाहिला, चांगला होता, फक्त गॅप धरला. मॉड्यूल त्यांनी परत पाठवायचं ठरवलं. माझी मजुरी मॉड्यूल बसवण्याच्या निम्मी झाली. डॉक्टरांनी चहाबरोबर कचोरी मागवली, तेवढीच भरपाई.

४.३०

अकोल्यातच एका बंगल्यात फियाट ११०० डिलाईट. पन्नास वर्षांच्या पुढची. मालकाला ती व्हिंटेज म्हणून नोंदवायचीय. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी नव्यानं नोंद होणाऱ्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर दिला, पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, मोठे बदल नकोत. ढक्कनाखालचं मॉड्यूल हा मोठा बदल आहे का? माझ्या मते नाही. कोणाच्या नजरेलाही पडत नाही आणि स्क्रू काढला की मूळ गाडी परत. तरी मी त्यांना पॉईंटच ठेवायला सांगितले. ही गाडी वर्षातून मोजके दिवस चालणार. उभ्या गाडीच्या पॉईंटवर ऑक्साईडचा थर धरतो आणि गाडी चालू होत नाही, एवढीच अडचण. त्याला स्वच्छ पोस्टकार्डाचा तुकडा मिटलेल्या पॉईंटमधून ओढला की पुरतं. मालकाच्या नातवानं ते लगेच करून पाहिलं आणि हात काळे करून घेतले. आजी आतून ओरडल्या.

६.१०

परतताना मूर्तिजापुरात एक सुरुवातीच्या काळातली मारुती ८००. तीन सिलिंडर, फायरिंग १-३-२. इथं रिंग-बिंग काही नाही. नंतरच्या कार्बोरेटर मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर भंगारात मिळतो, तो धुऊन, बुश तपासून अख्खा बदलला. तारांचा प्लग जुळवायला थोडा वेळ गेला. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ रूपांतर हेच, पण ते त्याच घराण्यातल्या गाडीत जमतं. ॲम्बेसेडरच्या मालकाला हे सांगून फायदा नाही.

रात्री ९.२०

शटर ओढून हिशेब लिहीत होतो. फोन. गुरुजी, परतवाड्याहून.

"पोचलो रे बाबू. घोड्यासारखी आली गाडी. पण रेडिओत घर्रर्र होऊन राहिलं. ॲक्सिलरेटर देला का वाढते."

"आधी नव्हतं का?"

"आधीबी होतं. पण म्या म्हटलं, आता इलेक्ट्रॉनिक केलं तं जाईन."

"ते वायरीचं हाय, गुरुजी. तांब्याच्या."

पलीकडे थोडी शांतता. मागून बाई काहीतरी म्हणाल्या, ते नीट ऐकू आलं नाही.

"मंग त्या वायरी तू सकायीच काहून नाई बदलल्या?"

"बिलाच्या मांगून वाचा, गुरुजी. खाली सही कोणाची हाय तेबी पाहा."